उणे तीस अंशांतलं विरजण

जानेवारीत कॅनडातल्या विनिपेगमध्ये दही लावणं हा एक खटाटोपच असतो. बाहेर उणे तीस, घरात हीटर चालू, तरी ओट्यावर ठेवलेल्या भांड्यात सकाळी जसंच्या तसं दूध. इथल्या मराठी घरांतून मग ओव्हनचा दिवा लावून आत भांडं सरकवलं जातं, कुणी जुन्या शालीत गुंडाळतं. दूध तेच, विरजण तेच. ऊब कमी पडली की विरजणातले जिवाणू काम टाकून बसतात, एवढंच.

शहराच्या उत्तरेला, मेन स्ट्रीटवर, हेच दुखणं फार मोठ्या भांड्यात चालू असतं. विनिपेगचं सगळ्यात मोठं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र १९३७ पासून तिथे आहे आणि शहरातलं सुमारे ७० टक्के सांडपाणी तिथे येतं. दक्षिणेला नि पश्चिमेला आणखी दोन केंद्रं आहेत, पण तिथला गाळसुद्धा शेवटी ट्रकमधून इथेच आणला जातो. वाद, खर्च, मुदतवाढ, कोर्टकचेऱ्या असं शहराच्या सांडपाण्याबद्दल जे काही कानावर येतं ते बहुतेक याच केंद्राबद्दल असतं. तो वाद समजायचा तर आत काय चालतं ते आधी समजून घ्यावं लागेल. काम तसं आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे.

त्याआधी जमीन कशी आहे ते बघू. कॅनडाच्या प्रेअरीचा (गवताळ मैदानाचा) हा भाग म्हणजे हिमयुगाच्या शेवटी इथे पसरलेल्या अगासी नावाच्या प्रचंड सरोवराचा तळ. म्हणून काळी चिकणमाती आणि परातीसारखी सपाटी. अमेरिकेतून येणारी रेड नदी या सपाटीवरून उत्तरेकडे वाहते. विनिपेगच्या आसपास तिला किलोमीटरमागे वीतभरसुद्धा उतार नाही. गावात तिला पश्चिमेकडून असिनिबॉइन येऊन मिळते आणि मग ती साठेक किलोमीटरवर विनिपेग सरोवरात रिकामी होते. सरोवर सुमारे २४,५०० चौरस किलोमीटरचं, म्हणजे पुणे आणि सांगली जिल्ह्यांची बेरीज करा. खोली मात्र सरासरी बारा मीटर. आकार समुद्राचा, खोली विहिरीची. या उथळ परातीत रॉकी पर्वतापासून सुपीरियर सरोवराच्या जवळपासपर्यंतचं, जवळजवळ दहा लाख चौरस किलोमीटर मुलखाचं पाणी उतरतं.

आता केंद्रात शिरू. सांडपाणी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जे येतं, त्यात ९९.९ टक्के पाणीच असतं. भांडण उरलेल्या दशांश टक्क्याशी आहे. पहिल्या टप्प्यावर जाळ्या. चिंध्या, प्लॅस्टिक आणि पाकिटावर ‘फ्लश करा, चालेल’ असं छापलेले ओले रुमाल इथे अडकतात. (चालत नाही. ते विरघळत नाहीत, तेलकट मेणात गुंडाळून दोरखंड होतात आणि पंपाच्या पात्यांना मिठी मारतात.) मग रेती-वाळू खाली बसू द्यायची, कारण हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेली वाळू वसंतात गटारांत उतरते. पुढे मोठ्या टाक्यांत पाणी संथ ठेवलं की जड मैला तळाशी आणि तेलतुपाचा तवंग वर येतो. इथवर सगळं चाळणं, निथळणं आणि तवंग काढणं. निम्म्याच्या आसपास गाळ एवढ्यानेच निघतो.

राहतं ते पाण्यात विरघळलेलं आणि तरंगणारं सूक्ष्म अन्न. ते चाळणीत सापडत नाही. त्याला खाणारा कुणीतरी लागतो, आणि इथून विरजणाची गोष्ट सुरू होते.

१९१४ साली इंग्लंडात मँचेस्टरला अर्डर्न आणि लॉकेट या दोघा रसायनतज्ज्ञांनी सांडपाणी बाटल्यांत भरून त्यातून हवा सोडली. पाणी पूर्ण निवळायला पाच-एक आठवडे लागले. तोपर्यंत लोक काय करत, तर तळाला बसलेला साका फेकून बाटली धुऊन घेत. या दोघांनी साका ठेवला, वरचं पाणी ओतून दिलं आणि त्यावर नवं सांडपाणी घातलं. पुन्हा तेच, पुन्हा तेच. पाच आठवड्यांचं काम शेवटी एका दिवसाच्या आत होऊ लागलं. तो साका म्हणजे सांडपाण्यावर पोसलेल्या जिवाणूंचे पुंजके होते. कालचं दही आजच्या दुधाला लावायचं, एवढंच त्यांनी केलं. आपल्या कुठल्याही आजीने त्यांना ते फुकट सांगितलं असतं. जगातल्या बहुतेक शहरांचं मैलापाणी आजही याच रीतीने साफ होतं. विनिपेगच्या उत्तर केंद्रात तर जिवाणूंना साध्या हवेऐवजी जवळपास शुद्ध ऑक्सिजन देतात. ते खातात, फुगतात, पुढच्या टाकीत तळाशी बसतात. त्यातला काही भाग परत पहिल्या टाकीत विरजण म्हणून जातो, उरलेला गाळ म्हणून काढतात. वरच्या नितळ पाण्यावर अतिनील किरणांचा मारा करून रोगजंतू मारायचे आणि पाणी नदीत सोडायचं.

हे पाणी काचेच्या ग्लासात धरलंत तर फिकट चहासारखी किंचित झाक दिसेल, बाकी नितळ. वासही जवळजवळ नाही. २०१२ च्या कॅनडाच्या केंद्रीय नियमांत लिटरमागे गाळ आणि जिवाणूंचं खाद्य प्रत्येकी २५ मिलिग्रॅमच्या आत असावं अशी अट आहे. ती पाळली की काम झालं, असं कुणालाही वाटेल. मलाही इथे आल्यावर बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

पण त्या नितळ ग्लासात अजून खत आहे. शेतीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना नत्र, स्फुरद, पालाश ही त्रयी पाठ असते. त्यातलं स्फुरद म्हणजे फॉस्फरस. माणूस दिवसाला दीडेक ग्रॅम स्फुरद बाहेर टाकतो, त्यातलं बरंचसं लघवीतून. जिवाणू आपल्या वाढीपुरतं थोडं उचलतात, बाकीचं पाण्याबरोबर निघून जातं. जमिनीवर जे खत गव्हाला चढतं ते पाण्यात शेवाळाला चढतं. ढोबळ हिशेब असा सांगतात की एक किलो स्फुरदावर सुमारे पाचशे किलो ओलं शेवाळ पोसलं जाऊ शकतं. पवनेवर किंवा पंचगंगेवर जलपर्णीचा हिरवा गालिचा ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. वनस्पती निराळी, पण भूक तीच. विनिपेग सरोवरात ही भूक निळ्या-हिरव्या शेवाळाची आहे. खरं तर ते शेवाळही नव्हे, सूर्यप्रकाशावर जगणारे जिवाणू. ऑगस्टात किनाऱ्यावर वाटाण्याच्या आमटीसारखं पाणी लागतं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो. त्यातल्या काही जातींचं विष यकृतावर जातं, म्हणून अशा दिवसांत कुत्र्यांनाही पाण्यात उतरू देऊ नका असं सांगतात. २०१३ मध्ये जर्मनीच्या ग्लोबल नेचर फंड या संस्थेने विनिपेग सरोवराला त्या वर्षीचं ‘संकटग्रस्त सरोवर’ जाहीर केलं.

दोष स्फुरदाचाच, हे कशावरून? याचा पुरावा विनिपेगहून गाडीने काही तासांवर, ऑन्टारियोच्या वायव्य जंगलात मिळाला. तिथे १९६८ पासून काही छोटी तळी निव्वळ प्रयोगांसाठी राखून ठेवली आहेत. आपल्याकडे प्रयोगशाळा म्हणजे परीक्षानळी. यांनी अख्खं तळंच परीक्षानळी केलं. २२६ क्रमांकाचं तळं मध्ये कंबरेसारखं अरुंद आहे. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी त्या कंबरेत प्लॅस्टिकचा पडदा ताणून तळ्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र टाकलं, एकाच भागात वर स्फुरद. काही आठवड्यांत तो भाग शेवाळाने हिरवा झाला, दुसरा होता तसाच राहिला. वरून काढलेला तो फोटो बघायला शास्त्र शिकावं लागत नाही. साबण कंपन्या त्या काळी दोष कार्बनचा आहे असं म्हणत होत्या, कारण कपड्यांच्या पावडरीत फॉस्फेट भरपूर असे. त्या एका फोटोपुढे तो युक्तिवाद टिकणं अवघड होतं. पुढे २०१२ मध्ये केंद्र सरकारने या तळ्यांचा पैसा थांबवायचं ठरवलं, तेव्हा गदारोळ झाला आणि २०१४ मध्ये विनिपेगस्थित एका संशोधन संस्थेने ती चालवायला घेतली. इतक्या स्वस्तात इतकं शिकवणारी तळी बंद करावीशी वाटणं हे मला अजून कळलेलं नाही.

तर स्फुरद काढायचं कसं? एक रस्ता रसायनाचा. फेरिक क्लोराईड घातलं की त्यातलं लोह स्फुरदाला धरतं, दोघं मिळून जड होतात आणि गाळात बसतात. काम लगेच होतं, पण रसायन रोज विकत घ्यावं लागतं आणि गाळ वाढतो.

दुसरा रस्ता जास्त गमतीचा आहे. काही जिवाणूंना आधी अशा टाकीत कोंडतात जिथे ऑक्सिजन अजिबात नाही. तिथे ते अंगातलं साठवलेलं स्फुरद खर्चून, म्हणजे पाण्यात सोडून, त्या मोबदल्यात पोटात अन्न भरून घेतात. मग त्यांना हवेशीर टाकीत आणलं की सुटलेलं सगळं स्फुरद परत उचलतात, वर आणखी बरंच. एकादशी अन् दुप्पट खाशी! फराळ अंगात असतानाच त्यांना गाळाबरोबर काढून घ्यायचं, की स्फुरद पाण्याऐवजी गाळात गेलं. सांडपाण्याचा गाळ गरजेपेक्षा जास्त स्फुरद गिळतो हे ज्यांनी सगळ्यात आधी नोंदवलं त्यांत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले श्रीनाथ, शास्त्री आणि पिल्लई होते, १९५९ मध्ये. तेव्हा त्याचं नीट कारण कुणालाच सांगता आलं नव्हतं. विनिपेगचं पश्चिमेचं छोटं केंद्र या रीतीने चालतं. उत्तरेचं मोठं केंद्र त्यासाठी बांधलेलंच नाही.

थंडीचा प्रश्न इथे परत येतो, फक्त तो स्फुरदापेक्षा अमोनियाच्या बाबतीत जास्त बोचतो. लघवीतलं नत्र गटारात येईतो अमोनिया झालेलं असतं आणि तो माशांना विषारी. त्याला नायट्रेट करणारे जिवाणू भलतेच सावकाश वाढतात, आणि पाणी गार झालं की आणखी सावकाश. विरजण पुरेसं जुनं, पुरेसं दाट ठेवलं नाही तर ते वाढण्याआधीच गाळाबरोबर वाहून जातात. वाचकाला वाटेल की सगळ्यात कठीण महिना जानेवारी. तसं नाही. जानेवारीत गटारात येतं ते अंघोळीचं, भांड्यांचं कोमट पाणी, आणि नळ जमिनीत खोल गाडलेले. घात होतो एप्रिलमध्ये. सहा महिन्यांचा बर्फ दोन-तीन आठवड्यांत वितळतो आणि ते बर्फाळ पाणी जुन्या गटारांतून थेट टाकीत येऊन पडतं. लागत आलेल्या दह्यात कुणी गार पाण्याची बादली ओतावी तसं.

थेट येतं, कारण विनिपेगच्या जुन्या भागात, म्हणजे शहराच्या सुमारे एक तृतीयांश हद्दीत, पावसाचं आणि संडासाचं पाणी एकाच नळातून वाहतं. शंभर वर्षांपूर्वी तीच पद्धत होती आणि ती स्वस्त होती. कोरड्या दिवशी सगळं गुमान केंद्रात जातं. जोराची सर आली की नळ भरतो, आणि लोकांच्या तळघरांत मैला उलटू नये म्हणून जास्तीचं पाणी न शुद्ध करता नदीत सोडलं जातं. ही चूक नव्हे, मूळ आराखड्यातच हे दार ठेवलेलं आहे. ते बंद करायचं तर अर्धं जुनं शहर उकरावं लागेल, म्हणून काम दशकांच्या हिशेबाने चालतं.

कधी कधी दारही लागत नाही. सप्टेंबर २००२ मध्ये उत्तर केंद्रात बिघाड होऊन ४२ कोटी ७० लाख लिटर कच्चं मैलापाणी रेड नदीत गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण विनिपेगात फोर्ट गॅरी पुलाजवळची मोठी वाहिनी फुटली, नदीवर बर्फ असताना, आणि २२ कोटी लिटरहून अधिक मैला तिच्यात मिसळला. नदीच्या नि सरोवराच्या काठच्या आदिवासी समाजांचा, ज्यांना इथे फर्स्ट नेशन्स म्हणतात, राग उसळला, आणि तो रास्तच होता. मासेमारी त्यांची, किनारा त्यांचा. पाणी वरून येतं ते शहराचं.

तरी एक हिशेब मांडून बघा. कच्च्या मैलापाण्यात लिटरमागे सहा मिलिग्रॅम स्फुरद धरलं तर त्या २२ कोटी लिटरमध्ये ते तेराशे किलोच्या आसपास भरतं. आता बिघाड नसलेला साधा दिवस घ्या. केंद्रातून वीस कोटी लिटर ‘शुद्ध’ पाणी बाहेर पडतं आणि त्यात लिटरमागे तीन मिलिग्रॅम स्फुरद उरलं आहे असं समजा: रोजचे सहाशे किलो. दोन-सव्वादोन दिवसांत बरोबरी झाली, आणि वर्तमानपत्रात ओळ नाही. रोगजंतूंच्या दृष्टीने फुटलेला नळ कितीतरी वाईट, यात शंका नाही. सरोवराच्या दृष्टीने मात्र रोजचं नितळ पाणी जास्त महाग पडतं.

म्हणून मॅनिटोबा प्रांताने उत्तर केंद्राला लिटरमागे एक मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि २०१४ अखेरची मुदत दिली. ती उलटून गेली. त्यानंतरच्या मुदती, पत्रव्यवहार आणि तीन सरकारांतली पैशाची ओढाताण सांगत बसलो तर लेख संपायचा नाही. थोडक्यात, नव्याने बांधणी तीन भागांत चालली आहे: आधी पाणी आत घेणारं तोंड, मग गाळाची व्यवस्था, शेवटी स्फुरद-नत्र काढणारा भाग. सगळ्याचा खर्च दोन अब्ज डॉलरच्या पुढे. मधल्या काळासाठी फेरिक क्लोराईडची मात्रा. सगळ्यात गरजेचा भाग शेवटी का, असा प्रश्न लोक विचारतात. त्याला उत्तर आहे: पाण्यातून काढलेलं स्फुरद गाळात जातं, आणि गाळ कुजवून पिळला की त्याचा निचरा परत पहिल्या टाकीत येतो. गाळाची सोय न करता स्फुरद काढणं म्हणजे तळ गळक्या बादलीने होडीतलं पाणी उपसणं. उत्तर पटतं, त्याला इतकी वर्षं लागावीत हे पटत नाही.

शेजारच्या सस्कॅचेवानमध्ये सॅस्काटून शहराने गाळाच्या याच निचऱ्याचं काही वेगळं केलं. स्फुरद, अमोनिया आणि मॅग्नेशियम एकत्र आले की नळांच्या आत दगडासारखे थर धरतात आणि नळ चोंदतात. २०१३ पासून तिथे हे थर नळात धरू देण्याऐवजी एका उभ्या भांड्यात मुद्दाम साबुदाण्यासारखे दाणे करून काढतात आणि ते खत म्हणून विकले जातात. सॅस्काटूनची नदीही शेवटी विनिपेग सरोवरालाच मिळते.

शहरांबाहेर प्रेअरीवर यातलं काहीच नसतं. पाचशे वस्तीच्या गावाला कुठली टाकी नि कुठला ऑक्सिजन? गावाबाहेर मातीचे बांध घालून केलेले दोन चौकोनी तलाव असतात, इथे त्यांना लगून म्हणतात. पहिल्यात मैला बसतो, दुसऱ्यात ऊन, वारा, शेवाळ आणि जिवाणू उरलेलं काम करतात. हिवाळाभर वर बर्फाचं झाकण, आत नुसती साठवण. झाकण वितळतं त्या आठवड्यात वारा गावाकडे असला तर सगळ्यांना कळतं. मॅनिटोबात हे तलाव साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच रिकामे करायला परवानगी असते. पाणी तपासून, ओढ्यात, हळूहळू. बदकांना या तलावांचं काही वावडं नाही. मला ही व्यवस्था आवडते. यंत्र कमी, जागा भरपूर. आणि जागा ही प्रेअरीकडे असलेली एकमेव स्वस्त वस्तू आहे.

शहराचे समर्थक म्हणतात की सरोवरात येणाऱ्या एकूण स्फुरदात विनिपेगचा वाटा साधारण पाच टक्के आहे, मग सगळा रोख आमच्यावरच का? आकडा खोटा नाही. मोठा वाटा शेतांचा आहे, आणि त्यातला बराच सीमेपलीकडून, नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटातून, रेड नदीतूनच येतो. वर अडचण अशी की इतर ठिकाणचे उपाय इथे उलटे पडतात. जिथे पावसाने माती धुपते तिथे शेताच्या कडेला गवताची पट्टी राखली की माती अडते, मातीला चिकटलेलं स्फुरदही अडतं. प्रेअरीवर वर्षातलं बहुतेक पाणी बर्फ वितळताना, गोठलेल्या जमिनीवरून वाहतं. माती वाहतच नाही. गोठून फुटलेल्या गवतातून आणि खोडक्यांतून स्फुरद विरघळून बाहेर येतं. म्हणजे जी पट्टी अडवायला ठेवली तीच झिरपते. पाणथळ जागा हे पाणी पूर्वी धरून ठेवत, पण त्या पेरणीसाठी चर खणून कोरड्या केल्या. काही ठिकाणी आता छोटे बंधारे घालून पाणी पुन्हा थोपवतात.

तरी पाच टक्क्यांचा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. बाकीचे पंचाण्णव टक्के हजारो शेतांतून, दोन देशांतून, पुरातून येतात. तिथे कुठली तोटी पिळायची हेच कळत नाही. हे पाच टक्के मोजक्या नळांतून येतात, त्यातले बहुतेक एकाच, आणि त्याचा पत्ता मेन स्ट्रीटवरचा आहे.

शहरातून हे काही दिसत नाही. नदी उत्तरेकडे जाते आणि पुलांवरून घरी जाणाऱ्या गर्दीची पाठ बहुधा तिकडेच असते. अर्ध्या तासावर, खालच्या अंगाला सेल्कर्कजवळ, जानेवारीत नदीवर छोट्या झोपड्यांची वसाहत उभी राहते. लोक बर्फाला गिरमिटाने भोक पाडतात, बादली उपडी घालून बसतात, थर्मासमधली कॉफी ओततात आणि गळ सोडून ‘ग्रीनबॅक’ची वाट बघतात. ही हिरव्या पाठीची वॉलाय मासळी सरोवरातून वर नदीत येते, आणि तिच्यासाठी लोक फार लांबून गाड्या हाकत येतात. भोकातलं पाणी काळं, नितळ आणि गोठायच्या बेतात. दर दहा मिनिटांनी त्यावर साय धरते, ती झाऱ्याने काढून टाकावी लागते.